टाकीतल्या तीन पळ्या

आमच्या ह्यांना इथेनॉल झालं होतं. लोकांच्या घरी पुरुषांना पन्नाशीनंतर मधुमेह होतो, गुडघे धरतात, कुणाला एकदम अध्यात्म होतं. आमच्या घरी इथेनॉल आलं. हे इथे झाशीत धान्याच्या गोदामाच्या कचेरीत कामाला. कचेरीने ह्यांना कानपूरला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं आणि तिथून हे एक कापडी पिशवी, एक पेन आणि हा आजार घेऊन परत आले.

मका, तुटका तांदूळ, उसाची मळी असलं काहीबाही आंबवून त्यातून मद्यार्क काढायचा आणि पेट्रोलमध्ये मिसळायचा, एवढीच ती गोष्ट. पहिल्या दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे दारूच की? झालं. आमचे हे जे तापले ते जेवण होईपर्यंत निवले नाहीत. म्हणे दारू नव्हे, देशाचं इंधन. परदेशातून तेल आणायला जो पैसा जातो तो घरात राहील. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल. गोदामात कुजणारं धान्य कामी येईल. धूर कमी, इंजिन ठोकत नाही, हवा स्वच्छ. आपल्या हातानेच पेट्रोल गाळल्यासारखे हे बोलत होते.

बरं, बोलून थांबावं की नाही? ह्यांनी माझी मोरांब्याची काचेची बरणी उचलली. तिच्यात अर्धं पंपावरचं मिसळलेलं पेट्रोल, वरून थोडं पाणी, झाकण लावून हलवायची आणि ठेवून द्यायची. थोड्या वेळाने खाली एक वेगळा थर बसतो. पाणी जेवढं घातलं त्याहून थर जाड, कारण इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली येतं. 'बघा,' हे म्हणायचे, 'इथेनॉलला पाण्याची किती ओढ!' मग ती बरणी शोकेसमध्ये, आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी. दूधवाले भैया, गॅसवाले, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांना ती बरणी बघावी लागे. एक बाई घाबरून विचारत होत्या, ये कौन सी दवाई है जी. त्यांनाही ह्यांनी पहिल्यापासून समजावलं.

माझं म्हणाल तर मी विरोधात होते असंही नाही. मी फक्त विचारायची. शेजारच्यांच्या जुन्या मोटरसायकलची रबरी नळी फुगून चिघळली, ती का? मामंजींची स्कूटर पूर्वीपेक्षा लवकर पेट्रोल मागायला लागली, ती का? आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला सूं आवाज येतो आणि हवा येते. गावोगाव टँकर फिरतात. अशा ह्या आमच्या बुंदेलखंडात मक्याला पाणी पाजायचं, मग तो मका पाण्यात भिजवायचा, आंबवायचा, उकळायचा आणि गाडीत घालायचा. माणसांनी काय करायचं? गाडीच्या मागे उभं राहून स्वच्छ धूर प्यायचा?

जवळच्या मोठ गावचा एक शेतकरी आम्हाला वर्षाचा गहू आणून देतो. त्याने मटार काढून मका लावला. त्याला भाव चांगला मिळाला, तो खूष होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच दमात त्याने सांगितलं की बोअर आणखी खाली न्यावी लागली. हे मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला धोरण कळत नाही. नाहीच कळत. मला फक्त नळ कळतो.

असो. इथेनॉलने देशाचं काय भलंबुरं केलं ते देश बघेल. आमच्या घरात त्याने काय केलं ते मी सांगते.

आमचं घर लक्ष्मी गेटाजवळ. मामंजींनी ऐंशी ओलांडली होती, गुडघे गेले होते, पण हात आणि नजर पक्की. रोज संध्याकाळी ते त्यांच्या जुन्या गिअरच्या स्कूटरवर दतिया गेटला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, एकट्या राहायच्या. आत्याबाईंना जवळजवळ दिसत नव्हतं. कान मात्र तिखट. स्कूटर गल्लीच्या वळणावर आली की त्या आवाजावरून ओळखत आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत. मामंजी उंबऱ्याला स्कूटर लावेपर्यंत आधण उकळलेलं असे. मग दोघं चहा प्यायची आणि तासभर भांडायची. कशावरून? कुणाच्या मुंजीत जिलबी कमी पडली होती, यावरून. घरातली पोरं सगळी हिंदीत बोलणारी, 'दादाजी खाना खा लो' म्हणणारी. जुनं मराठी भांडण भांडायला मामंजींना जगात हे एकच ठिकाण उरलं होतं.

आत्याबाईंचा मुलगा इंदूरला. आई इंदूरला चल, म्हणून तो किती वर्षं मागे लागलेला, आणि आत्याबाई ऐकत नव्हत्या. या घरातली प्रत्येक पायरी माझ्या पायाला ठाऊक आहे, तिकडे मी खऱ्याने आंधळी होईन, असं त्या म्हणायच्या. शेवटी मुलाने एक अट घातली होती. मामा रोज येऊन बघून जातो तोवर तू इथे राहा. ज्या दिवशी मामाचं येणं थांबेल, त्या दिवशी मी तुला घेऊन जाईन. म्हणजे बघा, आत्याबाईंचं सगळं बिऱ्हाड त्या एका स्कूटरवर टेकलेलं होतं.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. ह्यांचे पूर्वज सैन्याबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. घोडे होते तेव्हा खंडेनवमीला शस्त्रांची पूजा व्हायची आणि घोड्याला आधी पाणी दाखवायचं, मगच घरच्यांनी तोंडात घास घालायचा. त्या दिवशी घोड्यावर बसायचं नाही, त्याला विश्रांती. पुढे घोडे गेले, नोकऱ्या आल्या, कारकून झाले, पण रीत राहिली. सायकल आली तेव्हा देवाच्या पळीतलं पाणी सायकलच्या चेनवर घालायचे. चेन गंजायची. तरी घालायचे. मग स्कूटर आली. स्कूटरचं तोंड कुठलं? तर टाकी. मामंजी दरवर्षी टाकीचं झाकण उघडून एक पळी पाणी आत सोडत. हसू नका, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ आमच्याकडे पंचपात्रीत ठेवलेला असतो.

इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नव्हतं. जुन्या पेट्रोलचं आणि पाण्याचं काही देणंघेणं नसायचं. पळीभर पाणी टाकीच्या तळाशी, नळीच्या तोंडाखाली, गप पडून राहायचं.

त्या वर्षी मामंजींना पाटावरून उठबस होईना, म्हणून पूजा पहिल्यांदाच आमच्या ह्यांच्याकडे आली. सोवळं नेसून हे असे उभे राहिले की आत्ता मोहिमेवर निघतील. शस्त्रं म्हणजे एक गंजकी तलवार, माझी विळी आणि पक्कड. त्यांना हळदकुंकू झालं, मग स्कूटर. पूजेचं तबक धरून मी शेजारीच होते. ह्यांनी झाकण उघडलं आणि मंत्र म्हणत, आचमनाला घेतात तशी, एक नव्हे, तीन पळ्या पाणी टाकीत घातलं. मामंजी खुर्चीवरून काहीतरी म्हणाले, पण मुलाचा मंत्र जोरात चालला होता.

मामंजी पेट्रोल थोडं थोडंच भरत, त्यामुळे टाकी जवळजवळ रिकामी होती. नवमीला स्कूटर बाहेर काढायची नाही, म्हणून ती तशीच उभी राहिली. दसऱ्याला संध्याकाळी मामंजी टोपी घालून निघाले. खिशात आपट्याची पानं आणि पानाचा विडा. आमच्या झाशीत दसऱ्याला विडा द्यायची पद्धत आहे, आणि दात नसलेल्या आत्याबाई तो खलबत्त्यात कुटून का होईना पण खायच्याच.

स्कूटर सुरू झाली आणि बाजाराच्या ऐन चौकात बंद पडली. चहूबाजूंनी देवीच्या मिरवणुकांची गर्दी. मागून मालाची गाडी भोंगा वाजवत अंगावर आली, मामंजी स्कूटरसकट आडवे झाले. देवाची कृपा, कोपर सोलवटलं तेवढंच. दोन ओळखीचे भैया लोक त्यांना घरी घेऊन आले, स्कूटर ढकलत मागाहून आली. खिशातला विडा चुरगळला होता.

हे दारातच उभे होते. बापाला लागलं का, हे विचारायच्या आधी ह्यांनी विचारलं, 'पेट्रोल संपलं असेल. रिझर्व्हला घेतली होती का?'

'घेतली होती,' मामंजी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. लहान पोर खोटं बोललं की मोठी माणसं एकमेकांकडे बघतात ना, अगदी तसं. ते मला आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. ऐंशी वर्षं ज्याने साधी थाप मारली नाही, त्या माणसाचा शब्द ह्यांनी एका मानेच्या झटक्यात निकालात काढला. म्हणे आता बाबांच्या लक्षात राहत नाही. म्हणे रिझर्व्हचा कॉक फिरवला असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात फिरवत नाहीत. म्हणे वय झालं, ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे. आणि स्कूटरची चावी ह्यांनी आपल्या कपाटाशेजारच्या खिळ्याला लावून टाकली.

मामंजी भांडतील असं मला वाटलं होतं. नाही भांडले. दोनदा तेच म्हणाले, मी रिझर्व्हला घेतली होती. मग तेही म्हणेनासे झाले. आणि मला खरी भीती तेव्हा वाटली, कारण हळूहळू त्यांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. गॅस बंद केला का हे ते मला विचारायला लागले, आणि गॅसपाशी तर ते कधी जातच नव्हते.

दतिया गेटला आम्ही नेऊ, आमचे हे म्हणाले. नेलं की, एका रविवारी. दुसऱ्या रविवारी कचेरीचं काम निघालं. ई-रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशीच सोडतात, पुढे चढ आणि उखडलेल्या फरशा. मामंजींचे गुडघे तिथे चालणारे नव्हते. एकदा मी एकटीच गेले. आत्याबाई दारात बसलेल्या. मला म्हणाल्या, 'रोज आधण ठेवते गं. कुठलीही स्कूटर आली की ठेवते.'

हे इंदूरला कळायला कितीसा वेळ लागणार? आत्याबाईंच्या मुलाचा फोन आला, दिवाळी झाली की येतो, आईला घेऊन जातो. आमच्या ह्यांनी त्याला फोनवर दुजोरा दिला, योग्य निर्णय आहे म्हणून. वर सल्लाही दिला की घराला भाडेकरू ठेव. मामंजी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते.

दिवाळीनंतर ह्यांनी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक बघायला येणार होतं, म्हणून आधी ती सुरू तरी व्हावी यासाठी मेकॅनिकला घरी पाठवलं आणि स्वतः कचेरीला गेले. त्याने नळी काढली, टाकी रिकामी करायला डबा मागितला. मला पंपवाल्याचा संशय होता, पुरावा असावा म्हणून मी डब्याऐवजी काचेची बरणी दिली. बरणी भरली, मी ती ओट्यावर ठेवली आणि मेकॅनिकला चहा द्यायला गेले. परत येऊन बघते तर बरणीत दोन थर. वर पिवळट पेट्रोल आणि खाली बोटभर जाड, गढूळ दुसरंच काहीतरी.

मी शोकेसमधली ह्यांची बरणी आणून शेजारी ठेवली. जुळ्या बहिणी. आणि मग मला त्या तीन पळ्या आठवल्या. खरं सांगते, मी आधी पदर तोंडाला लावून हसले. मग असा संताप आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्या झाशीला बरणी हलवून दाखवली, आणि आपल्याच बापाच्या टाकीत देवाची पळी उपडी करताना ह्यांना इथेनॉलची ओढ आठवली नाही. सोवळ्यातलं डोकं वेगळं आणि कचेरीतलं वेगळं. दोन्ही एकाच मानेवर, पण ओळख नाही एकमेकांची.

मी मेकॅनिकला ताजं पेट्रोल भरायला लावलं. स्कूटर एका किकमध्ये सुरू झाली. ह्यांना मी काही बोलले नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, विकायची नाही, आणि वाट बघितली.

दोन दिवसांनी आत्याबाईंचा मुलगा आला. आईचं सामान बांधून, तिला तिकडे बसवून तो आमच्याकडे जेवायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. पानं वाढली, मामंजी खाली मान घालून वरणभात कालवत होते. मी दोन्ही बरण्या आणून मधोमध ठेवल्या आणि पाहुण्यांना म्हटलं, ह्या दोन सारख्या का दिसतात ते हे फार छान समजावून सांगतात.

आमच्या ह्यांचे डोळे चमकले. घास हातातच राहिला. इथेनॉल पाण्याला कसं ओढतं, पेट्रोलला सोडून कसं तळाला बसतं, हवेतला ओलावासुद्धा कसं पितं, सगळं सांगितलं. पाहुण्यांनी विचारलं, मग अशी गाडी चालेल का? हे म्हणाले, 'छे! थोडी चालेल, नळीतलं संपलं की बंद. आणि गंमत म्हणजे माणूस बिचारा रिझर्व्हला घेतो. रिझर्व्ह तर अगदी तळातून ओढतं! जितकं रिझर्व्हला घ्याल तितकं पाणीच येणार.'

'मी रिझर्व्हला घेतली होती,' मामंजी म्हणाले. मान वर न करता.

ही दुसरी बरणी कुठली, ते मी तेव्हा सांगितलं. टाकीतली. आत्याबाईंचा मुलगा सरळ माणूस, त्याने सरळच विचारलं, की मग मामाच्या टाकीत पाणी आलं कुठून? आमचे हे पंपवाल्यावर घसरले. जमिनीतल्या टाक्या, पावसाळा, झाकणाचं वॉशर, नाचता येईना अंगण वाकडं. मामंजींनी तोपर्यंत पहिल्यांदाच बरणीकडे नीट बघितलं होतं.

'एक पळी घालायची असते,' ते म्हणाले. 'तू तीन घातल्यास.'

हे भाताकडे बघत बसले. चुकलं, एवढा एक शब्द. तो काढायला कुठलं परदेशी तेल लागत नाही. पण नाही निघाला. मग हे म्हणाले की खरं तर सरकारने जुन्या गाड्यांबद्दल लोकांना नीट सूचना द्यायला हवी.

मामंजी उठले. हात धुतला. भिंतीला धरत धरत कपाटापाशी गेले, खिळ्यावरची चावी काढली, टोपी घातली. हे खुर्चीतून अर्धे उठले, आत्याबाईंच्या मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवून बसवलं. अंगणात किक वाजली, दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. आम्ही तिघंही तो आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकत बसलो.

पाहुणे जेवण आटोपून आईकडे परतले आणि तिथून मला फोन केला. सामान तसंच बांधलेलं होतं, आत्याबाई त्यातल्याच एका ट्रंकेवर बसल्या होत्या, मामा समोर स्टुलावर. दोघांच्या हातात चहाचे कप. आणि जिलबीवरून चांगली जुंपली होती. तो म्हणाला, 'वहिनी, आईने मी आलोय याची दखलसुद्धा घेतली नाही. मी एकटाच जातो उद्या.'

आमचे हे अजून इथेनॉलवर बोलतात. स्कूटरची गोष्टही सांगतात, उदाहरण म्हणून. त्यांच्या गोष्टीत पाणी पंपवाल्याचंच असतं. मी त्या वेळी भाजी निवडत असले तर देठ जरा जोरात मोडते.

पुढच्या खंडेनवमीला पूजा परत ह्यांच्याकडेच होती. तलवार झाली, विळी झाली, पक्कड झाली. मग हे पंचपात्री घेऊन स्कूटरकडे वळले, सवयीने, तोंडात तोच मंत्र. मामंजींनी खुर्ची आधीच स्कूटरला खेटून मांडून घेतली होती. त्यांनी डावा तळवा टाकीच्या झाकणावर ठेवला आणि उजवा खोलगट करून मुलापुढे धरला.

'इकडे दे,' ते म्हणाले. 'मला पचतं.'

तिन्ही पळ्या त्यांनी प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विडा घेऊन दतिया गेटला गेले.